टायरची जन्मतारीख

जुन्या गाडीला टायर घेताना भुसावळचा माणूस तीन प्रश्न विचारतो. कोणत्या कंपनीचा? किती किलोमीटर चालेल? केवढ्याला पडेल? चौथा प्रश्न कोणी विचारत नाही आणि या गावात तोच पहिल्यांदा विचारायला हवा: टायर बनला कधी?

आपल्याकडे जुन्या गाड्या जपणारे पुष्कळ आहेत. रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, ऑर्डनन्समधून निवृत्त झालेले आहेत, दीपनगरच्या वीज केंद्रातले आहेत. कोणाकडे मारुती ८००, कोणाकडे झेन, एखाद्याच्या पत्र्याच्या शेडखाली आजही पद्मिनी उभी आहे. पद्मिनी तर नवं शतक उजाडतानाच कुर्ल्याच्या कारखान्यातून यायची थांबली आणि ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत बंद झालं. तरीही ही माणसं गाडी विकत नाहीत. ती फिलर गेज लावून प्लगचा गॅप स्वतः बघतात, प्रेमाने कार्बोरेटर धुतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, म्हणूनच हे लिहितो आहे. इंजिनाची एवढी काळजी घेणारा माणूस चार चाकांकडे बघताना फक्त बटणं बघतो. बटणं शाबूत दिसली की त्याचं समाधान होतं.

पण ही गाडी चालते किती? जळगावला दवाखान्यात, फैजपूरला लग्नात, मुक्ताईनगरला दर्शनाला. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर झाले तरी खूप. एवढ्या चालण्यात बटणं झिजणार कशी? आठ वर्षं झाली तरी ती नवीच दिसणार. आतलं रबर मात्र दरवर्षी म्हातारं होत असतं. गाडी उभी असली तरी होत असतं. किंबहुना उभी असेल तर जास्तच. टायरच्या रबरात मेणासारखा एक पदार्थ मिसळलेला असतो. चाक फिरतं, रबर वाकतं, तसतसा तो पृष्ठभागावर येतो आणि हवेतल्या ओझोनपासून रबराचं रक्षण करतो. महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवली की हे मेण वर येत नाही आणि टायरच्या कुशीला केसासारख्या बारीक भेगा पडू लागतात. त्यावर टायर पॉलिश फासलं की भेगा दिसत नाहीत. दिसत नाहीत, एवढंच.

त्यात आपलं ऊन. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा डांबराचं तापमान साठीच्या पुढे असतं. रबरावर प्राणवायूचा जो परिणाम होतो तो उष्णतेने झपाट्याने वाढतो. महाबळेश्वरला आठ वर्षं काढलेला टायर आणि भुसावळला आठ वर्षं काढलेला टायर एका वयाचे धरू नयेत. बहुतेक टायर कंपन्यांचं सांगणं असं की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की बटणं कितीही चांगली असोत, टायर काढा. माझं मत याहून कडक आहे. खान्देशात सहा वर्षं झाली की बदला.

ज्यांना हे फार वाटेल त्यांनी ब्रिटनमधली एक घटना लक्षात घ्यावी. २०१२ च्या सप्टेंबरात संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या एका बसचा पुढचा टायर फुटला आणि तीन जण गेले. त्या टायरची बटणं कायद्याला मान्य होती. टायरचं वय होतं १९ वर्षांहून जास्त. त्यात मुलगा गमावलेल्या एका आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचे टायर लावायला बंदी आली.

आपल्याकडे कायदा बटणांची खोली सांगतो, मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर. समृद्धी महामार्ग सुरू झाला, टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन विभागाने चाकं तपासायला घेतली. चांगलं केलं. पण गोटा झालेला टायर लांबूनही ओळखता येतो. गुळगुळीत टायरवाल्याला निदान आपण चुकतो आहोत हे माहीत असतं. बटणं शाबूत आणि आतून मेलेला टायर मालकालाच फसवतो.

तारीख वाचणं अजिबात अवघड नाही. टायरच्या कुशीवर, रिमच्या जवळ, अंडाकृती चौकटीत चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. अडचण एवढीच की पुष्कळदा हे आकडे एकाच बाजूला असतात आणि नेमकी तीच बाजू आत गेलेली असते. आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त गार्डसाहेबांच्या ८०० ला तसंच होतं. पोतं अंथरून, मोबाइलची बॅटरी लावून गाडीखाली डोकं घातलं. चिखलाचा वाळलेला थर नखाने खरवडला, ओल्या फडक्याने पुसला, तेव्हा एकेक आकडा उमटला: ३४११. “भाऊ, बटणं तर एकदम नवी आहेत,” असं ते मला थोड्या वेळापूर्वीच म्हणाले होते, आणि ते खरंही होतं. मग त्यांनी स्वतः खाली वाकून आकडे पाहिले. त्याच आठवड्यात चारही टायर बदलून झाले.

स्वीडनमध्ये ही वेळ येत नाही आणि याचं श्रेय तिथल्या हवामानाला आहे. तिथे १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. म्हणून गाडीवाल्याकडे चाकांचे दोन संच असतात. वर्षातून दोनदा गाडी जॅकवर चढते, कित्येक जण हे काम घरच्या अंगणातच करतात. चाक हातात येतं, आतली बाजू दिसते, भेगा दिसतात, तारीख दिसते. जुन्या व्होल्व्हो आणि साब इतकी वर्षं चालतात त्यामागे चांगलं पोलाद आहेच, पण या दोन दिवसांचाही वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं. आपल्याला जुनी व्होल्व्हो माहीत असायचं कारण नाही. ती कंपनी भारतात मोटारी विकायला आली २००७ साली आणि भुसावळात व्होल्व्हो म्हणजे पुण्याला जाणारी रात्रीची बस. पण अमेरिकेतल्या लाँग आयलंडवरचे शाळामास्तर अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली घेतलेली लाल व्होल्व्हो पी १८०० स्वतः चालवून २०१३ मध्ये ३० लाख मैल पूर्ण केले. किलोमीटरमध्ये सांगायचं तर सुमारे ४८ लाख. त्यात जादू काही नव्हती. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं तशी देखभाल आणि वेळच्या वेळी ऑइल.

आणि हे भुसावळला कोणी शिकवायचं? अख्खं गाव रेल्वेच्या शेड्यूलवर वाढलं. लोको शेडमध्ये इंजिन तारीख आली म्हणून आत घेतात, बिघडायची वाट बघत नाहीत. पीओएच, म्हणजे ठरल्या मुदतीने होणारी संपूर्ण दुरुस्ती, हा शब्द इथल्या पोरांना शाळेआधी कळतो. ज्या माणसाने तीस वर्षं तारखेप्रमाणे इंजिनं तपासली, त्याची स्वतःची मोटार पंक्चर झाल्याशिवाय जॅकवर चढत नाही, हे मला पटत नाही.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. वर्षातून दोनदा चाकं काढा. पहिल्यांदा आखाजीच्या आधी. तेव्हा ऊन कडक असतं, लेकी माहेरी येतात आणि एरवी उभी असलेली गाडी पाच माणसं नि डिकीभर सामान घेऊन महामार्गावर निघते. म्हाताऱ्या टायरला सगळ्यात वाईट दिवस तोच. दुसऱ्यांदा दसऱ्याला. गाडी धुतोच, झेंडूचा हार घालतोच, त्याच्या आदल्या दिवशी चारही चाकं उतरवून आतून पुसा.

हवेबद्दल एक खोडून काढायलाच हवं. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, म्हणजे टायर फुटणार नाही,’ हा सल्ला निम्मे पंक्चरवाले देतात. तो धोक्याचा आहे. हवा कमी असली की टायरची कूस दर फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते आणि तापून आतले थर सुटतात. तापमान दहा अंशांनी चढलं की टायरमधली हवा साधारण दीड पौंडाने वाढते. हे टायर बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. पुस्तकातला आकडा थंड टायरचा असतो. हवा सकाळी भरा, गाडी तापायच्या आत. वरणगावपर्यंत जाऊन आल्यावर मोजायची आणि जास्त दिसली म्हणून सोडायची, असं करू नका. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजणाऱ्यांनी आठवावं की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

आता मापाचं. ८०० चं माप १४५/७० आर १२. दुकानात ते नसलं की अल्टोचा १४५/८० आर १२ ‘चालतो’ म्हणून गळ्यात मारतात. त्याने चाकाचा व्यास २९ मिलिमीटरने वाढतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ च्या जवळ असते आणि वळणावर भरलेल्या गाडीचा टायर आत घासू शकतो. कंपन्यांची तुलना करत बसण्यापेक्षा माप बरोबर आणि तारीख ताजी असलेला कुठल्याही नामांकित कंपनीचा टायर घ्या. पद्मिनीवाल्यांनी तर जास्तच जागं राहावं. ५.२० - १४ चं माप आज कोण मागतं? जो माल हळू खपतो तोच दुकानात म्हातारा होतो. आणि एका आसावर एक नायलॉन आणि एक रेडियल, असा संसार कधीही मांडू नका.

टायरला लागू ते गाडीतल्या प्रत्येक रबराला लागू. फॅनबेल्ट, रेडिएटरचे पाइप, ब्रेकचं रबर किट, सगळं वयाने मरतं. पेट्रोलचा पाइप तर आता आधी बघा. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. पाइप बोटाने दाबून मऊ, फुगलेला वाटला किंवा सकाळी बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला, तर त्याच दिवशी बदला. गाडी तापते म्हणून मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकत असेल तर त्याचा हात धरा. तापण्याचं कारण बहुधा रेडिएटरमध्ये साचलेले बोअरच्या पाण्याचे क्षार असतात. रेडिएटर साफ करून घ्या, कूलंट घाला, थर्मोस्टॅट जागेवर राहू द्या.

टायर घ्याल तेव्हा बिलावर ते चार आकडे लिहून मागा. दुकानदार कुरकुर करेल. करू द्या. दोन वर्षं पडून राहिलेला टायर नव्याच्या भावात घ्यायचं कारण नाही. लिहून देणार नसेल तर पुढचं दुकान जवळच आहे.

आणि घरी गेल्यावर डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढा. तिला रस्ता कधी लागलेला नसतो, म्हणून ती नवीकोरी समजून आपण निर्धास्त असतो. पुष्कळ गाड्यांत ती गाडीइतक्याच वयाची निघते.