रॅम्पची चावी

आमच्या गावच्या सरकारी कचेरीचं कौतुक करावं तितकं थोडं. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा, नियम २०१७चे, जुन्या इमारती सुगम करायला मुदत पाच वर्षांची. कचेरीने घाई केली नाही. मणक्याला इजा झालेला माणूस बसूनच तर असतो, त्याला कसली घाई? अखेर रॅम्प झाला. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी म्हणतात. इथे चारातच भागवलं. (सिंहगड याहून सोपा.) कुणी दुचाकी लावू नये म्हणून वर कुलूप. चावी पहिल्या मजल्यावर, साहेबांच्या कपाटात. लिफ्ट नाही. अर्जदाराने समक्ष येऊन, सही करून न्यावी. आमची एकच नम्र सूचना: जो चावी घेऊन जाईल, त्याचा दिव्यांगत्वाचा दाखला तिथल्या तिथे रद्द करावा.