एका ‘ह’ची वाटणी

कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर फिरायला आलेला माणूस आपल्या गावाला बिनदिक्कत ‘कराड’ म्हणतो. भांडण आहे ते कागदावर. तिथं दोन घराणी नांदतात. एक निष्ठेनं ‘कऱ्हाड’ लिहितं. जुन्या लेखांतल्या ‘करहाटका’पासून ह सांभाळलाय, कऱ्हाडे ब्राह्मण तो आजही नावात वागवतात, मग आम्हीच का टाकावा? दुसरं घराणं ‘कराड’ लिहून मोकळं होतं. रेल्वेच्या इंग्रजी पाटीवरही एच नाही.

मग हा एच गेला कुठं? माझा संशय सांगलीवर आहे. १९४९ साली कऱ्हाड ज्यात होतं त्या जुन्या सातारा जिल्ह्याची वाटणी होऊन ‘दक्षिण सातारा’ वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याची सांगली झाली. भावाभावांनी तालुके मोजून घेतले, पण एचवर कुणाचं लक्ष नव्हतं. आता सांगलीच्या पूर्व टोकाला पाहा: मराठीत सुटसुटीत ‘जत’, इंग्रजीत मात्र ‘जे ए टी एच’! जतकर म्हणतील, हा एच आमच्या डफळ्यांच्या संस्थानापासूनचा आहे. असेलही. शेजारी कर्नाटक आहे आणि दक्षिणेत ‘लता’लासुद्धा एच लावल्याशिवाय घराबाहेर पाठवत नाहीत.

असली दुखणी आपलीच नव्हेत. दक्षिण चीनमधल्या एका बोलीला तिची माणसं ‘तिओच्यू’ म्हणतात, हाँगकाँगवाले ‘चिऊचाव’ आणि सरकारी चिनीत ती ‘चाओचौ’ होते. चिनी लिपीत अक्षरं तीच. रोमनमध्ये मात्र ज्याच्या तोंडून ऐकावं तसं स्पेलिंग. त्यामानानं आपण एका एचवर भागवतो.

संगणकाची तऱ्हा याहून न्यारी. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र जागा आहे, ती द्राविडी भाषांतला एक र लिहिण्यासाठी, त्याच्याच आधारानं आपलं कऱ्हाड उभं राहतं. साध्या र-पासूनही ‘ऱ्ह’ घडवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण एका पद्धतीनं लिहिलेलं गाव दुसऱ्या पद्धतीनं शोधायला जावं, तर यंत्र खुशाल हात वर करतं.

तरीही कऱ्हाडकरांनी जतकडं एच परत मागू नये. तो पाटीवर चढला, की परगावचा पाहुणा विचारणार, “हे करहाद कुठं आलं?” आणि अस्सल कराडकर त्याला सांगणार, “असलं गाव इकडं नाय पाव्हणं, सांगलीकडं बघा.”