बिल्ड लावलंय!

आमचा आत्तेभाऊ लॅपटॉपचं झाकण कधी मिटत नाही. आत सतत काहीतरी शिजत असतं. "हात लावू नका, बिल्ड लावलंय," हे त्याचं वाक्य त्याच्या मुलालाही बोबड्या वयापासून पाठ आहे.

बाकीचं जग तयार पॅकेज उतरवून घेतं आणि कामाला लागतं. हा सोर्स आणतो. "तयार पॅकेजमध्ये कोणी काय घातलंय, तुला माहीत असतं का?" मला नसतं, आणि तरीही मला झोप लागते.

कॉन्फिगरपुढे त्याचे पर्याय सुरू झाले की संपता संपत नाहीत. हे एनेबल, ते डिसेबल, आणि प्रिफिक्स मात्र स्वतःच्या होम डिरेक्टरीत: "सिस्टिमला धक्का नको." पूर्वी ही लांबण तो प्रत्येक ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश टाकून लिहायचा. एका बॅकस्लॅशपुढे चुकून स्पेस राहिली आणि कमांड तिथंच तुटली. न दिसणारी ती स्पेस शोधण्यात रविवारची दुपार गेली आणि वाटीतला आमरस काळा पडला. तेव्हापासून सगळे पर्याय बॅशच्या अ‍ॅरेत, एका ओळीत एकच, आणि शेजारी हॅश घालून टीप. टिपा वाचण्यासारख्या असतात. 'डॉक्युमेंटेशन नको, वाचतं कोण.' 'मागच्या वेळी यानंच घात केला.' 'का घातलं आठवत नाही, पण काढू नये.' फाइलचं नाव 'बिल्ड-फायनल'. तिच्याखाली 'बिल्ड-फायनल-खरंच'.

वास्तविक कॉन्फिगर आपली कमांड कॉन्फिग.लॉगमध्ये सुरुवातीलाच लिहून ठेवतं. पीएचपी तर तीच पुन्हा चालवायला कॉन्फिग.नाइस नावाची स्क्रिप्ट मागे ठेवतं. एन्जिनएक्सला कॅपिटल व्ही देऊन विचारा, सगळे पर्याय घडाघडा म्हणून दाखवतं. हे सगळं मला त्यानंच शिकवलेलं. मग स्वतः कशाला लिहितोस, विचारलं तर म्हणाला, "आणि कोणी डिस्टक्लीन मारलं की लॉग जातो, तेव्हा?" त्याच्या घरात डिस्टक्लीन मारणारा तो एकटाच आहे.

आत्याला नातवाच्या मुंजीच्या व्हिडिओतून भिक्षावळीचा तेवढा तुकडा कापून हवा होता. यानं एफएफएमपेग बांधायला घेतलं. कॉन्फिगर पहिल्याच फटक्याला अडलं: लिबएक्स२६४ हवं असेल तर जीपीएल एनेबल करा. याचा चेहरा खुलला. "बघ, किती काटेकोर! ऑटोकॉन्फवाल्यांना एनेबलपुढे काहीही भलतं नाव दे, नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातात." मग मेक जे ८. स्क्रीनवर 'सीसी', 'सीसी' अशा ओळी सरसरा वर जायला लागल्या. आत्या चष्मा लावून बराच वेळ बघत बसली.

"यात मुंज कुठंय रे?"

"येईल, अजून लिंकिंग बाकी आहे."

तोवर वहिनींनी तो तुकडा मोबाइलवर कापून ग्रुपवर टाकलासुद्धा. आत्यानं कौतुकानं त्याच्यापुढे धरला. त्यानं पूर्ण बघितला, छान आलाय म्हणाला, आणि वहिनींकडे वळून विचारलं, "कोडेक कुठला वापरलास?"