नवशिक्या पालकांसाठी: पोरांना रान राखायला कसं शिकवावं

साहित्य: एक पोरगं, एक शेताचा बांध आणि एक आजी. थर्माकोल लागत नाही. शाळेच्या ‘झाडे वाचवा’ प्रकल्पासाठी थर्माकोलचं जंगल आणून ठेवलं असेल, तर ते दुकानात परत न्या. दुकानदार घेणार नाही; पण विकत घेतलेला कचरा कुणी परत घेत नाही, हा धडा पोराला फुकटात मिळेल.

सुरुवात भाजीपासून. पहिले पाऊस झाले की आजी आणि नातवाला बांधावर सोडा आणि स्वतः मध्ये पडू नका. टाकळा कोणता, कुर्डू कोणता, केना कुठं फुटतो, हे ती दाखवेल. कोवळा पाला खुडायचा, रोप उपटायचं नाही. करटुली तोडायची, पण वेलाच्या कंदाला हात लावायचा नाही, पुढच्या पावसात तो तिथूनच फुटतो. ओळख नसलेलं पान तोंडात घालायचं नाही, हे तिनं आधीच दटावलेलं असेल. कालपर्यंत ज्याला ‘तण’ म्हणायचो ते भाकरीसोबत ताटात आलं, की पोरगं तणनाशकाच्या पंपाकडे संशयानं बघायला लागतं.

पटत नसेल तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जाऊन या. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळून सुमारे 400 हेक्टर जंगल राखलं. पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली, पण पोरांपुढे पद्मश्रीचं भाषण नको. तिथली वनभाजी स्पर्धा दाखवा. बाया रानातल्या भाज्या रांधून मांडतात. जंगल कशासाठी राखायचं, ते चाखूनच कळतं.

पुढचा धडा खोप्याचा. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत असतात आणि ‘हॉलमध्ये भारी दिसेल’ म्हणणारा एक पाहुणा प्रत्येक घरात असतो. आधी त्याला आवरा. रिकामा खोपाही काढायचा नाही, कधी कधी मुनिया त्यात संसार थाटते. (खोपा विणतो नर, मादी अर्धवट काम बघून पसंत-नापसंत ठरवते. बहिणाबाईंच्या आसोद्याकडच्या पोरींना हे जरूर सांगा. पुढे उपयोगी पडतं.)

हिवाळ्यात भरीत पार्टी. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, तेव्हा हिवर-बाभळीवर कुऱ्हाड चालवायचं कारणच नाही. प्लास्टिकचे ग्लास शेतात टाकले तर भरीत पचत नाही, असं बेधडक ठोकून द्या. शास्त्रीय आधार शून्य, गुण मात्र येतो. निघताना विस्तवावर पाणी ओतायचं काम पोराकडेच द्या. वाळल्या गवतात ठिणगी पडली की लावरीचा, सशाचा आसरा गेला. धुळे तालुक्यातल्या लामकानीत चराई बंद करून उजाड माळावर गवत परत आणलं. त्याला किती कळ काढावी लागली, ते तिथल्या माणसांना विचारा.

नेहमी येणारी अडचण: उन्हाळ्यात पोरगं विचारतं, ‘पप्पा, मग आपण बांध काबरं पेटवतो?’ ‘तुला काय कळतं’ हे उत्तर पालकांच्या तोंडी आपोआप येतं. ते गिळा. काडेपेटी आजीला परत द्या, चहा व्हायचाय.