भाषणाला गुऱ्हाळ म्हणू नका

पोकळ भाषणाला इंग्रजीत ‘बंकम’ म्हणतात, आणि हा शब्द चक्क एका जिल्ह्याच्या नावावरून पडला आहे. १८२० साली अमेरिकेच्या संसदेत मिसुरीतल्या गुलामगिरीचा वाद मतदानाला टेकला असताना उत्तर कॅरोलिनाचे फेलिक्स वॉकर बोलायला उठले. सभागृहाने बसा-बसा केलं, तर म्हणाले, मला बंकमसाठी बोलायचंय. बंकम हा त्यांच्या मतदारसंघातला जिल्हा. बिचाऱ्या जिल्ह्याने भाषण ऐकलंही नव्हतं, नाव मात्र कायमचं बद्दू झालं. वॉकरसाहेबांचा प्रामाणिकपणा तरी पाहा! आपण सभागृहासाठी नाही, गावाकडच्या मतांसाठी बोलतोय, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. आपल्याकडे हे गुपित फक्त मतदारालाच ठाऊक असतं.

मराठीने जिल्ह्यांना वाचवलं आणि बट्टा लावला तो कष्टाला. सरकारी जडजंबाल भाषेसाठी अमेरिकेतले माजी खासदार मॉरी मॅव्हरिक यांना १९४४ साली टर्की कोंबड्याचा आवाज सुचला. आपल्याला लांबलेल्या बडबडीसाठी सुचलं चऱ्हाट आणि गुऱ्हाळ. चऱ्हाट निदान जनावर बांधायला लागतं. गुऱ्हाळाचा गुन्हा काय? चुलवाणात चिपाडं सारायची, काहिलीतल्या रसात भेंडीचं पाणी सोडून मळी काढायची, उकळी पाहत उभं राहायचं, तेव्हा कुठे ढेप पडते. कोणी म्हणेल, शब्दाचा रोख गुळावर नाही, लागणाऱ्या वेळेवर आहे. कबूल, पण वेळ गेल्यावर तिथे हाती काही येतं, हे विसरून उपमा कशी द्यायची? त्यातून बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजले जातात आणि मुकादमाची उचल फेडायला ऊसतोडीसाठी परमुलखी जातात, तिथे मंचावरच्या बोलण्याला उसाशी जोडणं म्हणजे फारच झालं.

आता वक्त्यांची बाजू. भाषणं झाली म्हणूनच बीडला रेल्वे आली, असं ते म्हणतात. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला; बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. भाषणाने रूळ पडत असते तर या तीस वर्षांतल्या भाषणांवर गाडी थेट दिल्लीला पोचली असती. रूळ पडले ते जमिनी ताब्यात आल्यावर, निधी सुटल्यावर आणि गँगमधल्या मजुरांनी खडी अंथरल्यावर. तरी वक्त्यांनी खचून जाऊ नये. त्या दिवशी गाडी बीडपर्यंतच आली; परळीपर्यंतचा टप्पा बाकी होता.