ओझं कसं निवडावं

चार बाय पाच इंची फिल्मचा कॅमेरा घेऊन हरिश्चंद्रगडावर जायचं ठरलं, की आधी सगळ्या लेन्स पलंगावर मांडाव्यात. ९०, १५०, २१०, ३०० मिलिमीटर. प्रत्येकीला 'तुझ्यावाचून अडेल का?' असं विचारावं. उत्तर दरवेळी 'हो' येईल. म्हणून चारही पिशवीत भराव्यात, ट्रायपॉड खांद्यावर टाकावा आणि जिन्याने चार मजले चढून यावं. ३०० आपणहून बाहेर पडते. तसंही तिच्यासाठी भाता एवढा लांब ओढावा लागतो, की कोकणकड्यावरच्या वाऱ्यात त्याचं शीड होतं.

९० मध्ये अख्खा कडा मावतो हे खरं. पण कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेचे कोपरे इतके अंधारे दिसतात, की आपण दरी बघतोय की स्वतःची भुवई, हे कळत नाही. नवशिक्यांनी १५० घ्यावी आणि गप्प बसावं. एकच लेन्स असली की पाय आपोआप पुढेमागे होतात. कड्याच्या बाजूला बेतानेच.

लेन्सवर महिनाभर खल करणारे फिल्म होल्डर मात्र निघताना मोजतात. एका होल्डरमध्ये दोन फिल्म. सहा होल्डर म्हणजे बारा फोटो, बस्स. १९२७ साली अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स योसेमिटीत फोटोच्या डझनभर काचा घेऊन चढले आणि हाफ डोमच्या कड्यासमोर पोचले तेव्हा दोनच उरल्या होत्या. एक पिवळ्या फिल्टरने घेतली, ती मनासारखी वाटेना. मग शेवटच्या काचेला लाल फिल्टर लावला. गाजला तो हाच फोटो. तेव्हा फिल्टर घ्यावाच. लाइट मीटरही घ्यावा. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोत चंद्र उगवलेला आणि अ‍ॅडम्सना मीटर सापडेना, तेव्हा त्यांनी चंद्राच्या प्रखरतेवरून एक्स्पोजर काढलं. तुम्हाला ती पाठ नसेल, तर मीटर खिशात असू द्या.

केबल रिलीज, फोकस बघायला भिंग, डोक्यावर घ्यायला काळं कापड. गडाच्या पायथ्याशी पाचनईत ट्रायपॉड उभा करून कापडात शिरलात, की बाहेरून आवाज येतो, "साहेब, मोजणीला आलात का?" नाही म्हणावं. हो म्हटलंत तर बांधाचे वाद ऐकण्यात दुपार जाईल. विचारणाऱ्याला काचेवरचं चित्र जरूर दाखवावं. गाव उलटं दिसल्यावर तो दोघाचौघांना बोलावून आणतो, आणि ऊन सरकतं ते सरकतंच.

राहता राहिली होल्डरमधली फिल्म झाकणारी स्लाइड. तिची पांढरी कड बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी कड बाहेर म्हणजे फोटो झालेला. ती ओढण्याआधी शटर मिटलंय ना, एवढं बघा. उघडं राहिलं, तर नेगेटिव्ह काळाकुट्ट निघतो, मग लेन्स कितीही महाग असो.