गाडी आडवी करण्यापूर्वी: नवशिक्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

अभिनंदन! तुम्ही ट्रॅक-डेचे पैसे भरलेत, भाड्याचा लेदर सूट पोटावर बंद होतो की नाही हेही बघून झालंय, आणि आता तुम्हाला गाडीची काळजी वाटू लागली आहे. स्वतःची वाटत नाही, हे या छंदाचं पहिलं लक्षण. माणूस कसा वाचवावा यावर डॉक्टर, हेल्मेटवाले आणि आई बोलतातच. गाडीच्या बाजूने बोलणारं कुणी नाही, म्हणून ही मार्गदर्शिका.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करून टाका: गाडी पडणार आहे. ‘मी आपला हळूच चालवणार’ असं म्हणणारेही पडतात. ते पहिल्या फेरीत थंड टायरवर पडतात, नाहीतर ऑफिसातला कुणी बाजूने पुढे गेला की त्याच्या पुढच्याच वळणावर. मार्क मार्केझ २०१७ च्या मोसमात २७ वेळा पडला आणि त्याच वर्षी मोटोजीपीचा विश्वविजेता झाला. यातला पूर्वार्ध तुम्हाला सहज जमण्यासारखा आहे. फरक एवढाच, की त्याची गाडी रात्रीतून पुन्हा उभी करायला मेकॅनिकांची अख्खी टोळी होती. तुमच्याकडे ॲलन कीचा संच आहे आणि एक मित्र आहे, आणि तो व्हिडिओ काढतोय.

पायरी १: पडण्याचा प्रकार निवडा

पडण्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला लो-साइड: वळणात टायरची पकड सुटते, गाडी आतल्या बाजूला आडवी होते आणि घासत जाते. मागून तुम्हीही घासत जाता. दुसरा हाय-साइड: वळणातून निघताना ॲक्सिलरेटर जास्त पिळला जातो, मागचं चाक घसरतं, तुम्ही घाबरून ॲक्सिलरेटर झटकन बंद करता, चाकाला एकदम पकड मिळते आणि गाडी तुम्हाला उसळून वरून फेकते. मग स्वतःही कोलांट्या घेत तुमच्या मागे येते.

बाजारात मिळणारं जवळजवळ सगळं संरक्षक साहित्य पहिल्या प्रकारासाठी आहे. दुसऱ्या प्रकारापुढे कोणतंही प्लास्टिक टिकत नाही. तेव्हा नवशिक्यांनी शक्यतो पहिलाच निवडावा.

पायरी २: कुठे आणि कोणत्या कुशीवर, तेही ठरवा

पुण्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४८ कोल्हापूर, हुबळी, बंगळुरू करत सुमारे १,२०० किलोमीटरनंतर तुम्हाला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकपाशी आणून सोडतो. तो सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा. कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे त्याहून आखूड, २.१ किलोमीटरचा. खिसा आणि धाडस दोन्ही जास्त असेल, तर ग्रेटर नोएडातला बुद्ध सर्किट आहेच.

ट्रॅकच्या कडेला काय आहे ते आधी पायी फिरून बघा. नुसतं डांबर असेल तर गाडी सरळ घासत जाईल आणि तुमचे संरक्षक काम करतील. खडी असेल तर बाहेर आलेला कोणताही भाग खडीत रुतेल आणि गाडी पलट्या खाऊ लागेल. गवत कोरडं असेल तर प्रेमळ, ओलं असेल तर साबण.

कुशीचाही विचार करा. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणजे पडायच्या संधीही उजवीकडे जास्त. आणि उजवीकडेच पुढच्या ब्रेकचा लिव्हर, मागच्या ब्रेकचा पेडल आणि बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर असतो. पण खरी गंमत उरलेल्या बाजूची. टायरची जी बाजू फारशी वापरली जात नाही ती थंडच राहते, आणि बऱ्याच वेळाने येणारं उलटं वळण माणसाला बेसावध गाठतं. जर्मनीच्या साक्सनरिंगवर १३ पैकी १० वळणं डावी आहेत. तिथलं अकरावं, उतारावरचं उजवं वळण भल्याभल्यांना आडवं करून गेलंय.

पायरी ३: गाडीचे दागिने उतरवा

सर्वप्रथम लेगगार्ड. घरच्यांनी आग्रहाने बसवलेला तो स्टीलचा दांडा रस्त्यावर उपयोगाचा असेल, ट्रॅकवर मात्र वळणात जमिनीला आधी तोच टेकतो, चाकाचा भार स्वतःवर घेतो आणि तुम्हाला पाडतो. पडल्यावर रुततो तो वेगळा. मग साडी गार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला, पाय ठेवायला आणि मागचं निम्मं चाक झाकायला व्यवस्था लागते. ट्रॅकवर मागे कुणी बसत नाही. बसायला तयार असेल, तर त्या व्यक्तीशी लग्न करा, पण गार्ड काढा.

त्यानंतर आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट आणि साइड स्टँड. आरसे काढायचं कारण काचा तर आहेच, शिवाय मागे बघत बसण्याची सवयही मोडते. मागच्याला काळजी असेल तर तो बघून घेईल. हेडलाइट आणि टेललाइटवर चिकटपट्टीच्या फुल्या नकोत, पूर्ण पट्ट्या मारा. फुटली तरी काच पट्टीलाच चिकटून राहावी आणि ट्रॅकवर विखरू नये, यासाठी ते असतं.

काढलेल्या प्रत्येक वस्तूचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर नाव लिहा. न लिहिता काय होतं, ते प्रत्येक पिढी स्वतः शिकते.

पायरी ४: फेअरिंग माळ्यावर, फायबर गाडीवर

तुमची गाडी चाकणहून आलेली केटीएम आरसी ३९० असो, होसूरची अपाचे आरआर ३१० असो किंवा यामाहाची आर १५, तिचं मूळ रंगीत प्लास्टिक हा गाडीचा सगळ्यात दिखाऊ आणि पडल्यावर सगळ्यात आधी जाणारा भाग. लहान मुलाच्या हातात आपण काचेचा पेला न देता स्टीलचा देतो, तेवढीच अक्कल इथे लागते. मूळ फेअरिंग घरी माळ्यावर ठेवा आणि गाडीवर फायबरग्लासचं रेस फेअरिंग चढवा. ते फाटलं तर मॅट आणि रेझिन लावून संध्याकाळपर्यंत पुन्हा जोडता येतं. दिसतं भयंकर, पण १५० च्या वेगात बघणार कोण?

फेअरिंगचं पोट बंद हवं. इंजिन फुटलं तर ऑइल ट्रॅकवर न सांडता त्या पोटात साठावं, म्हणून शर्यतीच्या नियमांत त्याची अट असते. इथे आपण गाडी वाचवत नाही, मागून येणाऱ्या निरपराध माणसाची गाडी वाचवतो.

पायरी ५: बळी नेमा

आता मार्गदर्शिकेचा गाभा. गाडी जमिनीला घासणार, हे ठरलंय. कशाने घासायचं, एवढंच तुमच्या हातात आहे. म्हणून ज्या जागा आधी टेकतात, तिथे स्वस्त आणि बदलता येणारं काहीतरी बसवायचं.

फ्रेम स्लायडर: इंजिन जिथे फ्रेमला बोल्टने धरलेलं असतं, तिथे बाहेर काढलेला नायलॉनचा किंवा ॲसिटलचा जाड गुटखा. (खाण्याचा नव्हे.) भोसरीतल्या कोणत्याही लेथवाल्याकडून तो वळवून घेता येतो आणि नवशिक्याला वाटतं, जितका लांब तितका सुरक्षित. इथेच फसगत आहे. लांब स्लायडर म्हणजे लांब तरफ. आपटल्यावर तो धक्का बोल्टमार्गे थेट फ्रेमच्या कानात किंवा इंजिनच्या केसिंगमध्ये पोहोचवतो. पाचशेचं प्लास्टिक वाचतं आणि इंजिनचं केसिंग तडकतं. स्लायडर आखूड असावा आणि त्याचा आकार रुतण्याऐवजी घसरणारा असावा.

इंजिन कव्हर: क्लचच्या आणि मॅग्नेटच्या झाकणांवर बसणारं, काचतंतू मिसळलेल्या कडक नायलॉनचं दुसरं झाकण. ॲल्युमिनियमचं मूळ झाकण डांबरावर काही मीटर घासलं, तर भोक पडायला वेळ लागत नाही. भोक पडलं की ऑइल आलं, ऑइल आलं की लाल झेंडा आला, आणि सगळा पॅडॉक तुमच्याकडे बघत चहा पितो. एकच वस्तू घ्यायची ऐपत असेल तर ही घ्या.

ॲक्सल स्लायडर आणि हँडलची टोकं: पुढच्या-मागच्या ॲक्सलला नायलॉनच्या बुच्च्या आणि हँडलच्या टोकाला जाड गोळा. फोर्कचा खालचा भाग, स्विंगआर्म आणि मास्टर सिलिंडर त्यांच्या आड राहतात.

लिव्हर गार्ड: पुढच्या ब्रेकच्या लिव्हरभोवतीची ही कमान दिसते हौसेची, पण आहे कामाची. शेजारच्याचं कोपर किंवा हँडल तुमच्या लिव्हरला लागलं, तर ब्रेक तुमच्या परवानगीशिवाय लागतो. म्हणून शर्यतीत ती सक्तीची आहे.

पायरी ६: काय घट्ट, काय सैल

नवशिक्या सगळंच घट्ट आवळतो. लिव्हरचे क्लँप मात्र बेताचेच आवळावेत: वापरताना हलणार नाहीत, पण आपटल्यावर लिव्हर हँडलवर फिरेल, तुटणार नाही. अनेक लिव्हरांच्या टोकाजवळ खाच असते, ती शोभेची नाही. तुटायचंच असेल तर तिथून तुटावं आणि दोन बोटांपुरता दांडा शिल्लक राहावा, असा त्यामागचा हिशेब आहे.

उलट ऑइलचा ड्रेन बोल्ट, फिल्टर आणि ऑइल भरायचं झाकण आवळून, वर तारेने बांधून टाका. रेडिएटरमधलं हिरवं कूलंट काढून साधं पाणी भरा. ग्लायकॉल सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि लवकर वाळत नाही.

पायरी ७: प्रत्यक्ष पडणे

गाडी सुटतेय असं वाटलं, की सोडा. हा सगळ्यात अवघड धडा आहे, कारण हप्ते अजून चालू असतात. पण घासत जाणाऱ्या गाडीला धरून ठेवल्याने ती थांबत नाही, फक्त तुमचं मनगट तिच्याखाली जातं. एकटी गेलेली गाडी बहुधा निमूट घासत जाते. पूर्ण थांबेपर्यंत उठू नका. घसरणाऱ्या माणसाला आपण थांबलोय असं आधीच वाटतं, तो उभा राहायला जातो आणि दुसऱ्यांदा पडतो. थांबल्यावर आधी मागे बघा, मग मार्शलकडे बघा, आणि गाडीकडे सगळ्यात शेवटी. आडव्या गाडीचं इंजिन चालूच असेल तर मात्र किल स्विच दाबा. काही गाड्यांत कलंडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. जिथे नसतो, तिथे आडवं पडलेलं इंजिन ऑइलशिवाय फिरत स्वतःला खातं.

पॅडॉकमध्ये आणल्यावर क्रमाने बघा: ॲक्सिलरेटर सोडला की आपोआप परततो का, ब्रेकच्या लिव्हरला दाब आहे का, हँडल दोन्हीकडे सारखं वळतं का, खाली काही ठिबकतंय का. चारही उत्तरं मनासारखी आल्याशिवाय पुन्हा ट्रॅकवर जाऊ नका. आणि याच गाडीवर पुण्यापर्यंत परतायचं असेल, तर पेटीत दोन्ही लिव्हर, गिअरचा पेडल आणि एक फूटरेस्ट जादा ठेवा. हुबळीच्या अलीकडे रात्री अकरा वाजता क्लचचा लिव्हर मिळत नाही.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमा मिळेल का? पॉलिसी काढा आणि ‘वापराच्या मर्यादा’ हा परिच्छेद वाचा. संघटित शर्यत आणि वेगचाचणी हे उपयोग आपल्याकडच्या मोटार विम्यात स्पष्ट वगळलेले असतात. ‘घराजवळच्या वळणावर कुत्रं आडवं आलं’ असं सांगायचा मोह आवरा. खोटा दावा तर तो आहेच, शिवाय मित्राने व्हिडिओ टाकलेला असतो.

सगळ्यात स्वस्त संरक्षण कोणतं? टायर गरम होईपर्यंत पहिल्या दोन-तीन फेऱ्या सबुरीने मारणं, आणि दमलात की शेवटचं सत्र सोडून देणं. दुकानात मिळत नाही म्हणून यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

सगळं बसवलं, तरी भीती वाटते. म्हणजे गाडी चुकीची नेली आहे. ट्रॅकवर तीच गाडी न्यावी, जी मोडली तर परवडेल. नवी कोरी गाडी घेऊन जाणारा माणूस वळणाकडे बघत नाही, हप्त्याकडे बघतो. आणि जिकडे नजर, तिकडे गाडी.

शेवटची पायरी: गाडी विकणे

काही वर्षांनी मोठी गाडी घ्यायची लहर येईल. माळ्यावरचं मूळ फेअरिंग उतरवून चढवा, आरसे लावा, साडी गार्ड शोधा. गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसेल. गिऱ्हाईक आनंदाने प्रदक्षिणा घालेल. तो जाणकार असेल तर उकिडवा बसून फूटरेस्टचं टोक आणि ॲक्सलचा नट निरखेल. तेवढी वेळ येऊ देऊ नका. ट्रॅकवर गेलेली आहे, पडलेली आहे, काय काय बदललंय, हे स्वतःच सांगा. काही जण चहा अर्धा टाकून निघून जातील. त्यांना जाऊ द्या. एखादा मात्र थांबेल आणि हळूच विचारेल, “स्लायडरपण देणार का सोबत?” त्याला किमतीत पाच हजार कमी करा. बिचाऱ्याला पुढे लागणार आहेत.